डोंगरातला विहार कोणाच्या पैशावर उभा राहिला?

कान्हेरीची लेणी पाहायला आलेला माणूस पायऱ्या चढून वर येतो, घाम पुसतो आणि ठरलेले तीन प्रश्न विचारतो. एवढ्या जंगलात येऊन या लोकांनी हे का कोरले? ते खायचे काय? आणि या सगळ्याला पैसे कोणी दिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाटाडे लगेच देतात. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘राजांनी’ या एका शब्दात आटोपते. ते अपुरे आहे. कान्हेरीच्या भिंतींवर देणगीदारांची जी नावे आहेत, त्यांत राजघराण्यांपेक्षा बाजारपेठेतली माणसे कितीतरी जास्त आहेत. कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे आहेत. सोनार आणि लोहार आहेत, गृहिणी आहेत, स्वतः भिक्षू आणि भिक्षुणीही आहेत.

म्हणून या प्रकरणाची सुरुवात लेण्यांऐवजी खाडीच्या अलीकडून, भिवंडी तालुक्यातल्या वळ गावापासून करू. वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ, काल्हेर हा आज गोडाऊनचा पट्टा आहे. बंदरातून निघालेला कंटेनर येथे रिकामा होतो, माल गाळ्यात थांबतो आणि मग नाशिक महामार्गाने देशावर किंवा उलट दिशेने मुंबईत जातो. दोन हजार वर्षांपूर्वीही या भूभागाचे काम असेच होते. पूर्वेला उल्हास नदीवर कल्याण, पश्चिमेला समुद्रालगत सोपारा आणि दोघांच्या मध्ये भरती-ओहोटीवर चालणारी खाडी. देशावरचा माल नाणेघाट, बोरघाट आणि थळघाटाने उतरत असे आणि खाडीतून समुद्राकडे जात असे. वळच्या शिवारातून पश्चिमेला पाहिले की खाडीपलीकडे येऊरची डोंगररांग दिसते. तिच्याच पलीकडच्या उतारावर, आजच्या बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीचा विहार आहे. मालाची वाट आणि विहार यांच्यात अंतर होते ते एका डोंगराचे.

१. विहार म्हणजे काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बौद्ध भिक्षूने घर करून राहायचे नाही, फिरत राहायचे, मिळेल ती भिक्षा खायची, हा मूळचा नियम. पण पावसाळ्यात फिरणे शक्य नसते. वाटा बंद होतात, नद्या भरतात, पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात. म्हणून पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याची मुभा मिळाली. हाच वर्षावास. कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

तीन महिने राहायचे तर छप्पर हवे, पाणी हवे, एकत्र जमायला जागा हवी. छप्पर पक्के झाले की काही जण वर्षभर राहू लागतात. म्हातारे आणि आजारी भिक्षू तेथेच थांबतात, शिकवणे सुरू होते, पोथ्या साठतात. तात्पुरत्या मुक्कामाची कायमची वसाहत होते. या वसाहतीला विहार म्हणतात आणि तिच्यातल्या एका निवासालाही विहारच म्हणतात. वसाहत फार मोठी झाली की तिला महाविहार म्हणत. इसवी सन ४९४-९५च्या सुमाराच्या एका ताम्रपटात कान्हेरीचा उल्लेख ‘कृष्णगिरी महाविहार’ असा आहे. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने येथे एक चैत्य बांधला, एवढी हकीकत त्यात आहे. जेम्स बर्ड यांना १८३९मध्ये मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप खोदताना हा ताम्रपट सापडला. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळच्या भागाला आजही कृष्णगिरी उपवन म्हणतात, ते याच जुन्या नावावरून.

विहारात मुख्यतः तीन प्रकारच्या जागा असतात. निवासाच्या खोल्या, एकत्र जमण्याचे दालन आणि पूजेचे चैत्यगृह. चैत्यगृहात स्तूप असतो. बुद्धांची मूर्ती करण्याची पद्धत रूढ होण्याआधी स्तूप हेच त्यांच्या आठवणीचे चिन्ह होते. या तीन जागा ओळखता आल्या की पश्चिम महाराष्ट्रातले कोणतेही बौद्ध लेणे वाचता येते.

२. गावाच्या जवळ, पण गावात नाही

आता पहिला प्रश्न. एवढ्या जंगलात का?

बुद्धचरित्रातल्या एका कथेत राजा बिंबिसार संघासाठी जागा शोधतो. गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, येण्याजाण्याला सोयीची असावी, दिवसा गर्दी नसावी आणि रात्री गलका नसावा, अशा त्याच्या अटी आहेत. शेवटी तो आपली वेळूची बाग देऊन टाकतो. या अटी कान्हेरीला लावून पाहा. सकाळी भिक्षापात्र घेऊन उतरणाऱ्या माणसाला जवळची वस्ती गाठून दुपारच्या आत परतता आले पाहिजे, कारण दुपारनंतर जेवायचे नाही असा नियम होता. डोंगराच्या पायथ्याची मागाठाणे ही अशीच वस्ती. कान्हेरीच्या शिलालेखांत ती ‘मंगलठाण’ या रूपात येते आणि तिथले शेत विहाराला दिल्याची नोंद आहे. आज त्याच नावाचे बस आगार आणि मेट्रो स्थानक आहे. बोरिवलीची बहुतेक उपनगरी वस्ती गेल्या शतकातली असली, तरी मागाठाण्याचे नाव विहाराइतके जुने आहे.

थोडे लांब गेले की सोपारा. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२मध्ये मिळाला आणि नवव्या लेखाचा १९५६मध्ये. त्याच १८८२ साली भगवानलालांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खोदला. तो स्तूप निघाला. आत दगडी करंड, त्यात सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ धातुमूर्ती होत्या. बौद्ध परंपरेत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. समुद्रावर व्यापार करणारा हा माणूस पुढे भिक्षू झाला. ही कथा इतिहास म्हणून घ्यायची गरज नाही. पण व्यापारी आणि भिक्षू या दोन आयुष्यांत त्या काळच्या लोकांना विसंगती वाटत नव्हती, हे तिच्यावरून कळते.

कल्याणची साक्ष तर परदेशी खलाशाने दिली आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ बंदराचा उल्लेख येतो. पूर्वी हे अधिकृत व्यापाराचे बंदर होते, पण आता तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे लेखक सांगतो. तो क्षत्रप आणि सातवाहन या दोन राजघराण्यांतल्या संघर्षाचा काळ होता. बंदर कोणाच्या हातात यावर लढाई व्हावी इतका या खाडीत पैसा होता.

३. डोंगर वरून खाली कोरतात

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेक लहान आहेत. एक ओसरी, तिच्यामागे एक दालन किंवा खोली, झोपायला किंवा बसायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचे टाके. अजिंठ्याच्या मोठ्या विहारांत मधल्या चौकोनी दालनाभोवती रांगेने खोल्या असतात. ती आखणी येथे फार थोड्या ठिकाणी दिसते. कान्हेरी हे एकेकट्याच्या निवासांचे गाव आहे. पायऱ्या एका लेण्याकडून दुसऱ्याकडे नेतात, मध्ये ओढा आहे, दोन्ही काठांवर घरे आहेत.

हे असे का झाले? याला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे दगड. सह्याद्रीच्या मोठ्या लेण्यांचा दगड एकसंध काळा बसाल्ट आहे. कान्हेरीचा दगड ज्वालामुखीच्याच उद्रेकातला आहे, पण त्यात तुकडे मिसळलेले आहेत. तो खरबरीत असतो, त्यात बारीक नक्षी टिकत नाही आणि पावसाने कडा झिजतात. येथल्या मूर्तींचे चेहरे पुसट दिसतात ते बऱ्याच अंशी यामुळे. दुसरे कारण पैशाचे, त्याकडे पुढे येऊच. प्रत्येक देणगीदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे एखादे निवास, एखादे टाके किंवा एखादा ओटा दिला. सगळा डोंगर एका आराखड्याने कोरण्याइतकी रक्कम एका हाती कधीच नव्हती.

लेणे कोरताना काम वरून सुरू होते. आधी उतार तासून उभी भिंत काढायची, मग छताच्या पातळीवर आत शिरायचे आणि छत पूर्ण करत करत खाली यायचे. म्हणजे परांची बांधावी लागत नाही. कारागीर उभा असतो त्या दगडाचीच नंतर जमीन होते. खांब बांधायचा नसतो, तो सोडायचा असतो. पण यात चुकीला जागा नाही. एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. त्यामुळे छतापासून जमिनीपर्यंत सगळी मापे आधी डोक्यात पक्की असावी लागतात. काम थांबले तर ते कोणत्या टप्प्यावर थांबले हेही दिसते. कान्हेरीतले पहिल्या क्रमांकाचे लेणे असेच अर्धवट आहे. त्याच्यासमोर दहा मिनिटे उभे राहिले की लेणे कसे कोरतात हे पुस्तकापेक्षा चांगले समजते.

एक सावधगिरी. लेण्यांचे क्रमांक अभ्यासकांनी सोयीसाठी दिले आहेत. पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने असा त्याचा अर्थ नाही.

४. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे

आता या वसाहतीच्या मुख्य पूजास्थानात जाऊ.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यात कोरले गेले. समोर अंगण, दोन्ही बाजूंना उंच स्तंभ, मग ओसरी आणि आत लांबट दालन. दालनाचा मागचा शेवट अर्धगोल. तिथे स्तूप. दोन्ही बाजूंनी चौतीस खांबांची रांग स्तूपाच्या मागून वळसा घेते. खांबांच्या आणि भिंतीच्या मधली अरुंद वाट प्रदक्षिणेची. छत कमानदार आहे. दगडाला कमानीची गरज नव्हती, पण त्याआधी चैत्यगृहे लाकडाची बांधत आणि तीच रचना दगडात आली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी फासळ्या आजही आहेत. कान्हेरीत त्या नष्ट झाल्या.

कार्ले कान्हेरीआधीचे, मोठे आणि जास्त रेखीव. कान्हेरीच्या कारागिरांनी तेच डोळ्यांपुढे ठेवले होते, यात शंका राहत नाही. मात्र खांबांच्या रांगेकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. काही खांबांना घटाच्या आकाराची तळखडे आहेत, वर हत्ती आणि स्तूपपूजेची शिल्पे आहेत. बाकीचे खांब साधे आहेत, त्यांच्यावर नक्षी चढलीच नाही. मला हे लेणे कार्ल्याइतकेच मोलाचे वाटते ते यामुळे. कार्ल्यात पूर्ण झालेले काम पाहायला मिळते, येथे काम कसे चालते ते पाहायला मिळते.

दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. पुरुषांच्या डोक्यावर भारदस्त पागोटी, स्त्रियांच्या हातापायांत जाड कडी. त्या देवदेवता नसाव्यात, समृद्ध गृहस्थांच्या त्या प्रतिमा आहेत. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. ते चैत्यगृहानंतर तीन-चारशे वर्षांनी कोरलेले आहेत. एकाच ओसरीत दोन वेगळ्या काळांची श्रद्धा शेजारी शेजारी उभी आहे. आधीच्या पिढ्यांना स्तूप पुरेसा होता, नंतरच्यांना बुद्धांचे रूप हवे होते.

येथला शिलालेख झिजलेला असला तरी त्यातून बरेच कळते. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी हे चैत्यगृह बौद्ध संघाच्या भद्रायणीय शाखेच्या आचार्यांसाठी करवले. कामावर लक्ष ठेवणाऱ्या भिक्षूचा उल्लेख आहे. अशा भिक्षूला ‘नवकर्मिक’ म्हणत. बांधकामाचा हिशेब आणि दर्जा पाहणे हे त्याचे काम. त्याहून मौल्यवान गोष्ट म्हणजे दगडकाम करणाऱ्यांचेही वेगवेगळे गट लेखात नोंदवलेले आहेत, अगदी दगडाला घोटाई करणाऱ्यापर्यंत. प्राचीन भारतातल्या इमारतींवर हात चालवणाऱ्यांची आठवण फार क्वचित ठेवली जाते. येथे ती देणगीदारांच्या बरोबरीने दगडात आहे.

५. पाण्याचा हिशेब

वर्षावास संपला तरी माणसे राहतात आणि ऑक्टोबरनंतर कोकणात पाऊस पडत नाही. मग आठ महिने पाणी कुठून?

कान्हेरीतल्या जवळजवळ प्रत्येक निवासाच्या दारात जमिनीखाली टाके कोरलेले आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात. तोंड लहान, आत रुंद. ऊन कमी लागते, बाष्पीभवन कमी होते, पाला पडत नाही. लेण्याच्या माथ्यावर दगडात बोटभर ते वीतभर रुंदीचे पन्हाळ आहेत. ते पावसाचे पाणी दर्शनी भागावरून घसरू न देता बाजूला वळवतात आणि टाक्यात सोडतात. एका पन्हाळीने दोन कामे होतात. ओसरी कोरडी राहते आणि टाके भरते.

हिशेब करून पाहू. समजा, एका लेण्याच्या माथ्यावरचा दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद उतार पन्हाळीला जोडलेला आहे. या भागात वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरवर २.४ मीटर पाणी, म्हणजे २४० घनमीटर, म्हणजे २ लाख ४० हजार लिटर. आता टाके तीन मीटर लांब, रुंद आणि खोल धरा. त्यात २७ हजार लिटर मावतात. म्हणजे पडलेल्या पाण्याच्या नवव्या हिश्श्यातच टाके काठोकाठ भरते. एक भिक्षू पिण्यासाठी आणि हातपाय धुण्यासाठी रोज १५ लिटर वापरत असेल, तर आठ महिन्यांत ३,६०० लिटर लागतील. एका टाक्यावर सात भिक्षू निभावतात. विहीर नाही, पोहरा वाहून आणणारा माणूस नाही.

एका टाक्याने राजकीय इतिहासही जपला आहे. पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळच्या टाक्यावर सतेरक नावाच्या अमात्याचा लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख आहे. ती क्षत्रपांच्या कार्दमक घराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. त्या महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर ‘रु’ एवढेच उरले आहे आणि तो रुद्रदामन असावा असे अभ्यासक मानतात. रुद्रदामनच्या जुनागढच्या लेखात, आपण सातकर्णीला दोनदा हरवले पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही, असे म्हटले आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवले की नाते उलगडते. लढणाऱ्या दोन घराण्यांतली ही सोयरीक पिण्याच्या पाण्याच्या टाक्यावर कोरलेली सापडावी, याचे मला फार अप्रूप आहे.

६. पैशाचा हिशेब

लेणे कोरले, टाके भरले. पण भिक्षूला दरवर्षी नवे चीवर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, हवे. ते कोण देणार? एकदा देणगी देऊन दाता निघून जातो, मरतो, त्याची मुले व्यापारासाठी दुसऱ्या गावी जातात.

यावर त्या काळच्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे अक्षयनीवी. आजच्या मुदत ठेवीसारखी, पण मुद्दल कधीच न काढता येणारी. रक्कम गुंतवायची आणि फक्त व्याज वापरायचे. कान्हेरीच्या अनेक लेखांत अशा अक्षयनीवीचा उल्लेख आहे. तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते दिले.

उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन येथे ठेवले. कार्षापण म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. ठेव कोणाकडे ठेवली? विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. त्यातले २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

आकडे मांडू. २,०००वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. लेख सांगतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीवर महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. ते भिक्षूंच्या दुसऱ्या गरजांसाठी. ठरवलेला खर्च आणि येणारे व्याज यांच्यात एका नाण्याचाही फरक नाही. आधी खर्च ठरवून मग ठेव किती लागेल याचा हिशेब कोणीतरी बसून केला होता, हे उघड आहे. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि दप्तरात नोंदवला गेला, असेही लेख सांगतो.

भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाला यातली एक गोष्ट विद्वानांपेक्षा लवकर कळेल. विणकरांनी ही ठेव का घेतली? कापड विकल्यावर पैसे येतात, सूत आधी घ्यावे लागते. मधल्या काळात भांडवल लागते. मुद्दल कधीही परत मागितले जाणार नाही असा ठेवीदार मिळणे ही मागवाल्याच्या दृष्टीने मोठीच सोय. एका बाजूने विहाराला कायमचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूने विणकरांना कायमचे भांडवल. आणि त्या व्याजातून भिक्षू जे चीवर घ्यायचा, त्याचे कापडही कुठल्यातरी मागावरच विणलेले असायचे.

संन्याशांच्या संस्थेने व्याजावर चालावे हे काहींना खटकते. मला त्यात दोष वाटत नाही. मठ कुठल्याही देशातला असो, तो हवेवर चालत नाही. युरोपातल्या ख्रिस्ती मठांना जमीन आणि कुळे होती, तिबेटातल्या मठांना कुरणे होती. कोकणात सुपीक जमिनीची पट्टी अरुंद आणि व्यापार मोठा. त्यामुळे येथल्या विहाराच्या उत्पन्नात शेतांबरोबर रोकड ठेवींचा वाटा असणे स्वाभाविक होते.

७. हजार वर्षांत बदलत गेलेली वसाहत

कान्हेरीचे आयुष्य हजार वर्षांच्या आसपास आहे. पश्चिम भारतातल्या इतर लेण्यांना इतका सलग वापर क्वचितच लाभला.

पाचव्या-सहाव्या शतकांपासून भिंतींवर मूर्ती येऊ लागल्या. त्यांतली नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यातली अवलोकितेश्वराची प्रतिमा व्यापाऱ्यांच्या दृष्टीने पाहावी. मधोमध बोधिसत्त्व आणि बाजूंना लहान चौकटींत आठ संकटे. आग, चोर, बेडी, साप, सिंह, हत्ती, भूतपिशाच आणि बुडणारे जहाज. प्रत्येक संकटात सापडलेला माणूस हात जोडून त्याला हाक मारतो. घाटातून बैल हाकणाऱ्याची आणि शिडाच्या जहाजात माल चढवणाऱ्याची भीती येथे यादीसारखी मांडलेली आहे. एकेचाळिसाव्या क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. भारतात असे शिल्प अत्यंत दुर्मीळ, तिबेट आणि जपानमध्ये मात्र ते घराघरात माहीत आहे.

अकराव्या क्रमांकाच्या मोठ्या दालनाला ‘दरबार’ म्हणतात, पण तिथे कोणाचा दरबार भरत नसे. जमिनीवर लांबच लांब दोन बुटके दगडी ओटे आहेत. भिक्षू त्यांच्या कडेने रांगेत बसत. असेच ओटे वेरूळच्या पाचव्या लेण्यात आहेत. एकत्र पठण, अध्यापन किंवा जेवण यांसाठी ही जागा असावी.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याचे राज्य आणि त्याच्या हाताखाली ठाण्याचे शिलाहार. या काळातले शके ७६५, ७७५ आणि ७९९चे लेख कान्हेरीत आहेत, म्हणजे इसवी सन ८४३ ते ८७७च्या दरम्यानचे. आता नाणे बदलले आहे, कार्षापणाऐवजी द्रम्म आहे. पण पद्धत तीच. पूजेला इतके, डागडुजीला इतके, चीवराला इतके आणि पोथ्यांना इतके, अशी खर्चाची वेगवेगळी खाती पाडली आहेत. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दिले.

या वसाहतीत माणसे मरतही होती. डोंगराच्या एका बाजूला, कड्याखालच्या लांब कपारीत विटांच्या लहान स्तूपांची रांग आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी १९७०च्या दशकात येथे काम केले, तेव्हा त्यांना स्तूपांचे लेख असलेले दगड सापडले. त्यांवर दिवंगत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे होती आणि त्यांनी साधनेत कोणती पायरी गाठली हेही लिहिले होते. ही कान्हेरीची निर्वाणवीथी. देणगीदारांची नावे मोठ्या लेण्यांवर आहेत, तर येथे राहून गेलेल्यांची नावे या कपारीत. गोखले यांनी कान्हेरीचे लेख एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या डोंगराविषयी आज आपण जे खात्रीने बोलू शकतो, त्यातला फार मोठा भाग त्यांच्या कष्टांमुळे आहे.

८. मग विहार बंद कसा पडला?

कोणी येऊन मोडला, असे लोक धरून चालतात. कान्हेरीत त्याचा पुरावा दिसत नाही. पैशाची वाट बदलली, हे उत्तर मला जास्त पटते.

शिलाहारांकडे पाहा. नवव्या शतकात याच घराण्याच्या राज्यात कान्हेरीला द्रम्म मिळत होते. १०६०मध्ये, शके ९८२ला, त्याच घराण्याच्या मुम्मुणीच्या काळात अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण झाले. राजा, प्रधान, श्रीमंत लोक आता बांधीव मंदिरांना दान देऊ लागले होते. अक्षयनीवी नावाने अक्षय असली, तरी ती घेणारी श्रेणी मोडली की व्याजही थांबते. नव्या ठेवी येईनाशा झाल्या की चीवर नाही, डागडुजी नाही, पोथ्यांची नवी प्रत नाही.

नव्वदाव्या लेण्यातले पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख याच सुमाराचे आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी येथे येऊन गेली आणि त्यांनी आपली नावे कोरली. ते देणगीदार नव्हते, पाहायला आलेले लोक होते. तिबेटी परंपरेप्रमाणे याच शतकात गाजलेले आचार्य अतिश यांनी तरुणपणी कृष्णगिरीला येऊन शिक्षण घेतले. म्हणजे अध्यापन अजून चालू होते, पण उतरती कळा लागली होती. पुढे सोळाव्या शतकात साष्टीवर, म्हणजे कान्हेरी ज्या बेटावर आहे त्यावर, पोर्तुगीज आले. त्यांनी मोठ्या चैत्यगृहाचे सेंट मायकलच्या नावाने चर्च केले. पूजेची जागा पूजेचीच राहिली, देवता बदलली.

९. भिवंडीकरांसाठी: लोनाड

वळच्या वाचकाला हे सगळे पाहायला बोरिवलीलाच जावे लागेल असे नाही. भिवंडी तालुक्यात, कल्याणच्या बाजूला, लोनाड गाव आहे. गावाजवळच्या टेकडीत एक बौद्ध लेणे आहे. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमाराचे ते मानले जाते. आता तिथे खंडेश्वरी देवीचे ठाणे आहे आणि गावकरी तिच्या दर्शनाला येतात. गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आणि गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगडही आहे. म्हणजे आधीच्या भागात सांगितलेला बदल, लेण्याकडून मंदिराकडे गेलेले दान, एकाच गावाच्या शिवारात पायी फिरून पाहता येते.

लेण्यात गेलात तर देवीला नमस्कार करून आधी ओसरीचे खांब पाहा, मग आतले दालन, मग भिंतीवरचे शिल्पपट. चेहरे झिजलेले आहेत, त्यामुळे सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात जावे, भर दुपारी नाही. शिल्पांवर तेल, शेंदूर किंवा ऑइलपेंट चढवू नये आणि कोणी चढवत असेल तर त्याला थांबवावे. रंगाचा थर निघताना मऊ झालेल्या दगडाची कपची घेऊन निघतो. बाहेर आल्यावर लेण्याच्या माथ्यावरून पाणी कुठे वळवले आहे ते शोधा आणि पन्हाळीचा माग काढत टाक्यापर्यंत या.